पंडिता रमाबाईंचे शास्त्राध्ययन

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर केडगावचे मुक्तिसदन उभे राहते, दुष्काळातून आणलेल्या मुली उभ्या राहतात, टाकलेल्या बालविधवांना पोटाशी धरणारी ती शुभ्रवस्त्रा माउली उभी राहते. ते चित्र खरेच आहे. परंतु त्या चित्रात बाईंचे टेबल बहुधा नसते. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्या हिब्रू व ग्रीक भाषांतील पवित्र शास्त्र समोर ठेवून त्याचे मराठी करीत होत्या. हे काम त्यांनी संस्थेचा व्याप सांभाळून उरलेल्या वेळात केलेले नव्हते. तो त्यांच्या जीवनाचा गाभाच होता. बाई शास्त्र कशा वाचीत, त्या वाचनाने त्यांना कोठे नेले आणि त्याची काय किंमत त्यांना मोजावी लागली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यांच्या समाजकार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ते येथे ओझरतेच येईल.

या कथेचा आरंभ रमाबाईंच्या जन्मापूर्वीच होतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील चित्पावन ब्राह्मण. पुण्यास विद्यार्थी असताना आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही घरच्या स्त्रीला ही विद्या द्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा शास्त्रीमंडळींत खळबळ उडाली. उडुपी येथे विद्वानांच्या सभेसमोर त्यांना जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी क्षमा मागितली नाही की वादही वाढविला नाही. स्त्रीने वेदांव्यतिरिक्त इतर संस्कृत ग्रंथांचे अध्ययन करण्यास कोठेही बाध नाही, हे त्यांनी ग्रंथांतील आधारांची माळ लावून दाखविले. सभेला ते मान्य करावे लागले. रूढी काय म्हणते ते बाजूला ठेवून ग्रंथात काय लिहिले आहे ते काढून दाखवावयाचे, हा त्या घराण्याचा बाणा होता. मुलीने पुढे आयुष्यभर हेच केले. ग्रंथ मात्र बदलला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात झाला. पण ते घर त्यांना फार दिवस लाभले नाही. पाहुणचार आणि विद्यार्थ्यांचे पोषण यांत शास्त्रीबोवांची संपत्ती संपली आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. काही महिन्यांच्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेले, असे त्या स्वतः सांगत. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिक्षण आईकडून. सुमारे आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, पहाटेच्या अंधारात, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीला उठवून पाठ देत. व्याकरण, कोश, भागवत, गीता व त्यांवरील टीका. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. आज आपण पाठांतराला कमी लेखतो. परंतु ज्याच्या कानात ग्रंथच्या ग्रंथ साठविलेला आहे, त्याला एक वचन ऐकताच त्याच्याशी जुळणारे किंवा विसंगत असणारे दुसरे वचन आपोआप आठवते. पुढे पवित्र शास्त्राचा अभ्यास करताना रमाबाईंना याच सवयीचा आधार झाला.

हे कुटुंब पुराणे वाचून उदरनिर्वाह करी. देवळात किंवा घाटावर बसून संस्कृत पाठ वाचावयाचा. येणारे लोक नमस्कार करीत, फुले, फळे, पैसा ठेवीत आणि जात. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक अक्षरही कळत नसे. पवित्र शब्द कानावर पडला म्हणजे पुण्य लाभले, अशी श्रद्धा होती. लहान रमेने हे वर्षानुवर्षे पाहिले. न समजणाऱ्या भाषेतील पवित्र ग्रंथ आणि समोर बसलेली भाविक, निरक्षर माणसे, हे दृश्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. शेवटी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात आधी वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास व रमा, हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या, आणि स्त्रियांना धर्मशास्त्रानुसार त्यांची कर्तव्ये समजावून सांगावीत, अशी विनंती केली. व्याख्यानांच्या तयारीसाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ प्रथमच बारकाईने वाचले. ग्रंथकारांची आपसांत असंख्य मतभिन्नता त्यांना दिसली. मात्र स्त्रीजातीची हीनता आणि तिला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नसणे, या गोष्टींवर बहुतेकांचे एकमत होते, असा त्यांचा निष्कर्ष झाला. हा निष्कर्ष कोणास पटो वा न पटो; तो त्यांनी कोणा मिशनऱ्याच्या पुस्तकातून उचललेला नव्हता. ग्रंथाशेजारी ग्रंथ ठेवून वाचल्यावर तो त्यांच्या हाती आला होता. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली, तेव्हा स्त्रीने वेद वाचावा की नाही, या संकोचाने त्या प्रथम थबकल्या. नंतर त्यांनी तोही वाचला.

याच काळात ख्रिस्ती लोकांशी त्यांचा पहिला संबंध आला. तो मोठा मजेदार आहे. कलकत्त्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यास दोघे भावंडे गेली होती. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, अशी त्या भावंडांची समजूत झाली! निरोप देताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. रमाबाईंनी ते उघडून पाहिले, पण त्यातील संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते. शब्द संस्कृत, परंतु बोलण्याची रीत परकी आणि विषयही परका. असले वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वाटून त्यांनी ते बाजूला ठेवले. संस्कृतात पारंगत असलेल्या स्त्रीला संस्कृत बायबल कळू नये, हा प्रसंग आपण हसण्यावारी नेऊ नये. भाषा येणे आणि शास्त्र उलगडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्या आसामातील सिल्चर येथे राहावयास गेल्या. तेथे घरच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची छोटी प्रत सापडली. ती कोठून आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. या वेळी पुस्तक मिटले गेले नाही. आयझॅक अॅलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी घरी येत व उत्पत्तीच्या आरंभीची सृष्टिकथा समजावून सांगत. सर्व मानवजात एका देवाची निर्मिती आहे, हे पुराणांहून निराळे वृत्त ऐकून बाई विचारात पडल्या. पतीला हे रुचले नाही. आणि मग फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचेही निधन झाले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्या पुण्यास आल्या. येथील कार्य, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, हे सर्व सुपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन व्यक्ती महत्त्वाच्या. मिस हर्फर्ड यांच्याकडे त्या इंग्रजी शिकू लागल्या आणि त्यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचू लागल्या. दुसरे फादर नेहेम्या गोऱ्हे. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे स्वतः चित्पावन आणि षड्दर्शनांचे जाणकार. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. ख्रिस्ती सिद्धांत शास्त्र्याच्या भाषेत, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडून सांगणारा माणूस रमाबाईंना प्रथमच भेटला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांच्या शंका अडल्या, तेव्हा गोऱ्ह्यांनी हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्राचाच त्यांना मोठा उपयोग झाला.

१८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील भगिनी समाजात राहिल्या. वैद्यकी शिकण्याचा मानस होता, पण कान अधू असल्यामुळे तो सोडावा लागला. आपण ख्रिस्ती होणार नाही, असे त्या निघताना ठामपणे सांगून गेल्या होत्या. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील पतित स्त्रियांचे आश्रयस्थान दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा लोक इतक्या आदराने कां करतात, असा प्रश्न बाईंना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखविली. विहिरीवर आलेल्या परजातीच्या, बदलौकिक झालेल्या स्त्रीशी प्रभू उपासनेच्या अर्थाविषयी बोलतो! स्त्रीशी धर्मतत्त्वाची चर्चा! अनंतशास्त्र्यांच्या कन्येला या अध्यायाने कोठे स्पर्श केला असेल, हे सांगावयास नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इकडे महाराष्ट्रात टीकेचे वादळ उठले. तिकडे वाँटेजमध्ये दुसरेच वादळ सुरू झाले, आणि ते मला अधिक बोधप्रद वाटते. भगिनी जेरल्डाइन या रमाबाईंच्या धर्ममाता. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या कन्येने मंडळीची शिकवण नम्रतेने स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा. पण कन्या शास्त्रीण होती. त्रैक्याचा सिद्धांत ज्या शब्दांत मांडला जातो, ते शब्द शास्त्रात कोठे आहेत? अथनेशसच्या नावाने चालणारा मतांगीकार प्रत्येक विश्वासणाऱ्यावर बंधनकारक कां? क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच कां, लॅटिन ही आमच्या संस्कृतापेक्षा पवित्र आहे काय? असे प्रश्न पत्रांमागून पत्रांत येऊ लागले. जेरल्डाइनबाईंना यात अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे जू मी लगेच कशी चढवून घेऊ? देवाचे वचन जे सांगेल ते मी मानीन, पण ते मला वचनातून दाखवा.

या वादात दोन्ही बाजूंनी कठोर शब्द गेले आणि दोघींनाही दुखापत झाली. येथे रमाबाईच सर्वस्वी बरोबर होत्या, असे म्हणणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. मंडळीने शतकानुशतके प्रार्थनापूर्वक तावूनसुलाखून ठेवलेले शब्द दोन वर्षांच्या अभ्यासाने बाजूस सारता येत नाहीत, हे जेरल्डाइनबाईंचे म्हणणे निरर्थक नव्हते. परंतु शंका विचारणाऱ्याला गप्प बसविल्याने सिद्धांत टिकत नाही, हेही तितकेच खरे. चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी हे ओळखले. रमाबाई तेथे संस्कृत शिकवीत व स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत. बीलबाईंनी त्यांच्या शंका दडपल्या नाहीत. त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने पत्रे लिहिली, वचने तपासली, वेळ दिला. शुभवर्तमाने पुन्हापुन्हा वाचता वाचता ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीची रमाबाईंची अडचण हळूहळू दूर झाली. हा पत्रव्यवहार जेरल्डाइनबाईंनीच जपून ठेवला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्यापैकी जे वचनाचे वर्ग घेतात, त्यांनी तो अवश्य वाचावा.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे मित्रमंडळ उभे राहिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. धर्माची सक्ती करावयाची नाही, असा नियम होता व बाईंनी तो पाळला. परंतु स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना त्या दार लावून घेत नसत. मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या.

त्याआधी दोन वर्षे, सर्व काही सुरळीत चालले असताना, बाईंच्या अंतर्यामी एक गोष्ट घडली होती. विल्यम हॅसलम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा पाळक अनेक वर्षे धर्मसेवा करीत होता आणि व्यासपीठावर स्वतःच उपदेश करीत असता त्याला स्वतःच्या तारणाची जाणीव झाली. ते वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे लोटली होती. सिद्धांत त्यांनी कसून तपासले होते, मान्यही केले होते. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण धर्माचे जीवन असा जो ख्रिस्त, तो सापडला नाही, हे त्यांना त्या दिवसांत उमगले. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. एवढी विदुषी, एवढी ख्यातनाम, आणि आपले अध्ययन अपुरे पडले असे ती छापून सांगते! त्या पुन्हा शास्त्राकडे वळल्या. या वेळी शास्त्रीण म्हणून वचनाची परीक्षा घेण्यासाठी त्या बसल्या नव्हत्या; वचनाने आपली परीक्षा घ्यावी म्हणून बसल्या होत्या. मात्र अभ्यास सोडून त्या केवळ भावनेकडे वळल्या, असे कोणी समजू नये. त्यांचे सर्वांत कठीण अध्ययन यानंतरचे आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. या मुलींत बहुसंख्य खेड्यांतल्या, अक्षरशत्रू, उपासमारीने खंगलेल्या. त्यांच्या हाती मराठी पवित्र शास्त्र द्यावे तर ते त्यांना समजेना. मराठी बायबल तेव्हा काही नवे नव्हते. श्रीरामपूरच्या कॅरींपासून प्रयत्न झाले होते आणि १८४७ मध्ये संपूर्ण ग्रंथ सिद्ध झाला होता. परंतु त्याची भाषा पंडितांच्या मदतीने घडलेली, संस्कृतप्रचुर होती. घाटावरील पुराणश्रवणाचे ते जुने दृश्य बाईंना पुन्हा समोर दिसले असेल काय? पवित्र ग्रंथ तोच आदराने उघडलेला, ऐकणाऱ्या तशाच भाविक आणि अर्थ तसाच दूर.

म्हणून त्यांनी स्वतः भाषांतर करण्याचे ठरविले. इंग्रजीवरून करणे त्यांना पसंत नव्हते; मूळ पाहिल्याशिवाय अर्थ सांगावयाचा नाही, हा घरचा संस्कार. वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास आरंभिला. मुखोद्गत संस्कृत व्याकरणामुळे धातू, प्रत्यय, विभक्ती यांचे त्यांना भय नव्हते. आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या संस्कृतावर त्यांची कीर्ती उभी होती, तेच संस्कृत त्यांनी आपल्या मराठीतून निग्रहाने बाजूला काढले. एक कारण, ते खेड्यातील बाईला कळत नाही. दुसरे अधिक सूक्ष्म होते. त्या शब्दांबरोबर जुन्या धर्मकल्पना वाचणाऱ्याच्या मनात शिरतात आणि हिब्रू संदेष्ट्याला जे म्हणावयाचे आहे त्यावर झाकण पडते. कोणत्या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, हे रमाबाईंइतके जाणणारे मिशनऱ्यांत कोण होते?

छपाईही मुक्तीतच झाली. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालविणे, बांधणी, ही सर्व कामे तेथील मुली व स्त्रिया करीत. दुष्काळात रस्त्यावर मरणाच्या दारी सापडलेल्या मुलीने यशयाच्या ओळी खिळ्यांनी जुळवाव्या, याहून शास्त्राशी निकटचा परिचय कोणता?

संपूर्ण बायबलाचे भाषांतर करणारी जगातील पहिली स्त्री, असा रमाबाईंचा गौरव आपल्याकडे पुष्कळदा केला जातो. तो दुरुस्त केलेला बरा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. बाईंच्या कामाला असल्या बिरुदाची गरजही नाही. त्यात उणिवा आहेत. मुळाशी इमान राखण्याच्या आग्रहामुळे कित्येक ठिकाणी मराठी वाक्य अवघडते, आणि सोपेपणाचा हेतू तेथे साधत नाही. आपल्या मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती रूढ राहिली. असे असले तरी एखाद्या कठीण वचनापाशी मुक्ती बायबल शेजारी ठेवून पाहावे; मुळात शब्दांची ठेवण कशी आहे, याचा मागमूस त्यात मिळतो.

शेवटची वर्षे एकान्ताची होती. श्रवणशक्ती बरीच गेली होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. लहानपणी वेताच्या पेटाऱ्यातून निघालेल्या त्या प्रवासात बाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावले होते. आता जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती एकुलती एक मुलगीही गेली. त्यांनी काम थांबविले नाही. जुन्या कराराची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी देवाजवळ आणखी दहा दिवस मागितले आणि तेवढ्यात उरलेली पाने पुरी केली, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. छपाई आणि बांधणी मुक्तीतल्या स्त्रियांनी चालू ठेवली, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडला.